ठिपक्याची जागा

दादाचा फोन आला तेव्हा मी पत्र्याच्या कुंपणाला पाठ लावून उभी होते. ऑफिसातून घरी जाताना मी रोज तिथे थांबते. हातात पांढरी काठी, खांद्याला डब्याची पिशवी, आणि फोनवरून रस्ता सांगणारी कानातली बाई "स्थान शोधत आहे, स्थान शोधत आहे" असा जप करत होती. दादाने नेहमीसारखं पोहोचलीस का, जेवणाचं काय, असलं काही विचारलं नाही. "चिमे, तू आत काय करतेस?" एवढंच म्हणाला. आत म्हणजे कुठे, मी रस्त्यात उभी आहे, असं मी सांगितलं. त्याच्या घरातला टीव्ही मला ऐकू येत होता, कुणीतरी हवामानाच्या बातम्या देत होतं, मग तो वहिनीने बंद केला असावा. दादा पुन्हा बोलला तो अगदी हळू आवाजात, गॅलरीच्या कठड्यावर चढलेल्या पोराशी बोलावं तसा. "जागची हलू नकोस. एक पाऊलसुद्धा टाकू नकोस."

हलू नकोस म्हटलं की आधी हलायचं नाही आणि मग कारण विचारायचं, हे माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. मला पन्नाशी आली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मी आंधळी आहे. अंध, दृष्टिहीन वगैरे शब्द लोक माझ्यासाठी वापरतात, मी स्वतःसाठी वापरत नाही. तर मी हलले नाही. पाठीला नागमोडी पत्रा लागत होता, दिवसभर तापलेला आणि आता निवत चाललेला. पायाखाली फरशी होती. समोरून गाड्या जात होत्या. हे सगळं मी दादाला एकेक करून सांगितलं. "तुला तसं वाटतंय," तो म्हणाला, "पण ठिपका आत आहे." कुंपणाच्या आत एक इमारत अर्धवट बांधून सोडून दिलेली आहे, तिच्या आत. ठिपका म्हणजे मी, त्याच्या फोनमधल्या नकाशावर चालणारी. तेवढ्यात कानातल्या बाईला कंठ फुटला, "स्थान सापडले, सरळ चला" असं ती म्हणाली, आणि मी दादाला न विचारता चालायला लागले. चौक ओलांडला, गल्लीत वळले, तेव्हा त्याने फोनमध्ये मोठा श्वास सोडला. "आलीस एकदाची बाहेर," तो म्हणाला. मी हसले, पण घरी येऊन दाराला कडी लावल्यावर कितीतरी वेळ चप्पल न काढता तशीच उभी राहिले.

ठिपक्याचा करार बाबा गेल्यावर झाला. आई आधीच गेली होती, आणि बाबा असेपर्यंत माझ्या आताच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं होतो, म्हणजे त्यांची मी आणि माझे ते असा कारभार होता. ते गेल्यावर दादाने गृहीत धरलं की मी आता त्याच्याकडे राहायला येणार. मी गेलेही. तीन महिने राहिले. त्यांच्या मागच्या खोलीत माझी कॉट टाकली होती आणि मी ठेचकाळू नये म्हणून बाकीचं सगळं सामान काढून टाकलं होतं. वहिनी स्वभावाने खरंच चांगली आहे. माझ्यासमोर ती म्हणीसुद्धा जपून वापरते. आपल्याकडे आंधळ्यांवर म्हणी पुष्कळ आहेत आणि धड अशी एकही नाही, त्यामुळे अर्ध्यात जीभ चावून गप्प बसणं तिला वरचेवर करावं लागतं. पण ती सकाळी माझ्या ब्रशवर पेस्ट लावून तो हातात द्यायची. पाणी हातात, ताट हातात, टॉवेल हातात. मी उठले की "कुठे?" असा आवाज यायचा. बाथरूमला, असं उत्तर द्यायचं, की लगेच कुणीतरी मनगट धरायला हजर. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मी कॉटवर बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच ऐकू येत नाहीये. कान ठीक होते. ऐकायचं कशासाठी तेच उरलं नव्हतं. मला तेव्हा जी भीती वाटली तशी डोळे जाताना वाटली नव्हती. डोळे टप्प्याटप्प्याने गेले होते, मी भराभर जात होते. त्याच आठवड्यात मी माझ्या घरी परत आले. दादाने एकच अट घातली: फोनमध्ये मी कुठे आहे ते त्याला सतत दिसलं पाहिजे. मी हसत हो म्हटलं. ठिपका कुणाचं मनगट धरत नाही, असं मला वाटलं होतं.

आणि दादाला तरी मी काय बोलणार. त्याच्या भीतीचं वय माझ्या आंधळेपणाएवढंच आहे. मला संध्याकाळचं दिसेनासं झालं तेव्हा शाळेतून घरी आणायचं काम त्याच्याकडे आलं. एकदा त्याने रस्त्यात कुणाची तरी नवी सायकल बघायला माझा हात सोडला, आणि मी उघड्या गटारात गेले. मला फार लागलं नव्हतं, पण बाबांनी त्याला अंगणात उभं करून मारलं, आणि मी रडत होते ती त्याला मारतात म्हणून. तेव्हापासून त्याने हात धरायचं सोडलं आणि मनगट धरायला सुरुवात केली. हात सुटतो, मनगट सुटत नाही.

कानातली बाई माझ्या आयुष्यात आली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती मराठी बोलते ती नुकतीच कवळी बसवल्यासारखी, पण मनाची साफ आहे. "शंभर मीटरवर डावीकडे वळा" म्हणताना तिच्या आवाजात दया नसते. माणसांचं तसं नाही. माणसं मला पोहोचण्याआधीच पोहोचवून टाकतात. बसस्टॉप कुठे विचारलं तर "हा काय, आलाच" म्हणतात. बाईच्या भरवशावर मी आधी ऑफिसला आणि मग कुठेही जायला लागले. अडचण एकाच ठिकाणी होती. चौकाच्या अलीकडे, रस्त्यापलीकडे काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि तेव्हापासून त्या पट्ट्यात बाईचं डोकं फिरतं. वरून येणारे सिग्नल त्या काचांवर आपटून कुठल्या कुठे जातात, असं मला मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने समजावलं होतं. तिचं डोकं ताळ्यावर येईपर्यंत थांबायचं, एवढाच त्यावर इलाज. कारण पुढचा चौक पाच रस्त्यांचा आहे, आणि तिथे तिने दिशा सांगितली नाही तर मी कुठल्याही रस्त्याला लागेन. अलीकडे कुंपण आहे, ते पाठीला लागतं, म्हणून मी तिथे थांबत आले. मला ते थांबणं आवडायचंसुद्धा. दिवसभराच्या कामातून उठून आलेली असायची, अजून घर यायचं असायचं, आणि मधल्या त्या वेळात मी कुठे आहे ते बाईलाही ठाऊक नसायचं.

दुसऱ्या दिवशी दादा सुट्टी काढून ती इमारत बघून आला. माझ्याकडे येऊन बसला, चहाला नको म्हणाला, आणि इन्स्पेक्टरने पंचनामा वाचावा तसं सगळं सांगितलं. कुंपणाचा एक पत्रा वाकलेला आहे. त्या फटीतून कुत्री जातात, माणूसही सहज जाईल. आत जमीन सपाट केलेली आहे, पायाला फूटपाथसारखीच लागते. मग विटांचा एक कठडा, एका पायरीएवढा, आणि त्यापलीकडे लिफ्टसाठी सोडलेला खड्डा. त्याला दार नाही, जाळी नाही, आणि खाली काळं पाणी साचलेलं. त्याने खडा टाकून पाहिला होता. "फोनमधले मागचे सगळे दिवस काढून बघितले मी," तो म्हणाला. "रोज संध्याकाळी तू तिथे जातेस. खड्ड्याच्या तोंडाशी थांबतेस. आणि मग परत येतेस." मी म्हटलं, अरे दादा, काचांमुळे ठिपका सरकतो, मी आत जाऊन काय करू? मी पत्र्याला टेकलेली असते, हाताला पत्रा लागतो ना मला. तो म्हणाला, "चिमे, आतल्या बाजूनेही पत्रा तसाच लागतो."

हे वाक्य त्याने मला घाबरवायला म्हटलं नव्हतं. पण त्या रात्रीपासून ते माझ्या पाठीला चिकटलं. मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तिथे जाऊन उभी राहायची आणि पत्र्याची कुठली बाजू आहे ते आठवायचा प्रयत्न करायची. गाड्यांचा आवाज समोरून येतो, हे खरं. पण उघड्याबोडक्या भिंतींवर आपटून तो मागूनही येईल आणि समोरून आल्यासारखा वाटेल. चपलांना ओल्या सिमेंटचा वास येत होता. तो आधीपासून येत असेल. वास घ्यायचं मला सुचलं नव्हतं. आई आठवली. मला दिसणं कमी होत गेलं तेव्हा आई रोज खिडकीत उभी करून विचारायची, समोरच्या झाडावर पाखरं दिसतात का? मी आवाजावरून हो म्हणायची. "बघ, सुधारतंय," असं ती म्हणायची. आम्ही दोघी एकमेकींना फसवत होतो, आणि पुढे पुढे तर मला खरंच पाखरं दिसायला लागली, हिरवी, लांब शेपटीची. झाड केव्हाच तोडलं गेलं होतं, ते दादाकडून कळलं. तेव्हा ज्या बाईला नसलेल्या झाडावरची पाखरं दिसली होती, तिच्या पाठीला नक्की कुठला पत्रा लागतो, हे तिने कुठल्या तोंडाने सांगावं?

रविवारी सकाळी दादा माझ्याबरोबर चालून बघायला आला. मला बरं वाटलं. आता त्याच्या डोळ्यांदेखत ठिपका भरकटेल आणि विषय मिटेल. आम्ही पत्र्यापाशी उभे राहिलो. बाई एकदाही अडखळली नाही. आकाशातली यंत्रं सकाळी वेगळीकडे असतात आणि संध्याकाळी वेगळीकडे, हे मी त्याला सांगितलं, पण माझं मलाच ते सबब सांगितल्यासारखं वाटलं. ठिपका फूटपाथवर होता, आम्ही दोघं होतो तिथेच, शहाण्या मुलासारखा. दादाने फोन खिशात टाकला आणि माझं मनगट धरलं. "म्हणजे यंत्र बरोबर आहे," तो म्हणाला. "मी असताना बरोबर असतं, तर तू एकटी असतानाच ते कसं चुकेल?"

त्या अर्धवट इमारतीच्या वॉचमनला मी सोमवारी विचारलं, मी कुठे उभी आहे? "इथंच की ताई," तो म्हणाला. इथे म्हणजे आत की बाहेर? त्याला त्या प्रश्नाची गंमत वाटली. बाहेर, फूटपाथवर, रोज तर उभ्या असता, असं त्याने सांगितलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. मी दादाला फोन लावून त्याच्याकडे दिला. त्याने दादालाही तेच सांगितलं. नंतर दादा म्हणाला की तो वॉचमन दिवे लागायच्या वेळी बाजेवर झोपलेला असतो, आपण स्वतः बघितलंय. आणि आंधळ्या बाईला लोक तिला हवं तेच सांगतात. हे तर माझंच म्हणणं. व्हिडिओ कॉलही करून झाला. आधी दादाला माझा कान दिसला, मग पत्रा दिसला, मग चित्र अडकलं ते अडकलंच. तो पत्रा कुठल्या बाजूचा होता ते त्यालाही सांगता आलं नाही.

मी एक्स-रे आणि स्कॅन काढतात त्या सेंटरमध्ये टायपिस्ट आहे. डॉक्टर फोटो बघून रेकॉर्डरवर बोलतात, मी ऐकून रिपोर्ट टाईप करते. लोकांची फुप्फुसं, मणके, गुडघे मी या वाटेने पाहिलेत. डॉक्टरांच्या भाषेत "नाही" हा शब्द नसतो, "आढळलं नाही" असतं. मोठ्या डॉक्टरीणबाई नुसत्या आवाजावरून ओळखता येतात, फोटोत संशयाची सावली दिसली की त्या खाकरतात. त्यांना मी चहाच्या वेळी विचारलं, नसलेली गोष्ट फोटोत दिसते का हो? दिसते की, त्या म्हणाल्या, पेशंट हलतो, गळ्यात साखळी राहते, मशीन रुसतं. मग काय करता? त्यांनी चहाचा घोट घेतला. "फोटोत आहे ते माणसात असतंच असं नाही," त्या म्हणाल्या. "पण रिपोर्ट फोटोचाच द्यावा लागतो, आणि पुढचं ऑपरेशन रिपोर्टवर होतं." त्या सहज बोलल्या होत्या. मी जागेवर येऊन हेडफोन लावले आणि त्या दुपारी एका माणसाची डावी बाजू उजवी टाईप केली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सही करण्याआधी ते पकडलं आणि मला बोलल्या नाहीत. न बोलण्यात काय असतं ते मला वहिनीने शिकवलेलं आहे.

मंगळवारी मी न थांबता पुढे जायचं ठरवलं. ठिपका थांबला नाही तर दादाची तक्रारही राहणार नाही, असा माझा हिशोब होता. बाई मुकी असताना चौकात शिरले आणि कुठल्याशा इमारतीच्या उतारावरून खाली पार्किंगमध्ये पोहोचले, जिथे गाड्यांचे टायर चुरचुरत होते आणि कुणीतरी "ओ बाई, मरायचंय का?" असं ओरडलं. दुसऱ्या बाजूने लांबचा रस्ता आहे, पण त्याला फूटपाथच नाही. एवढ्याशा अंतरासाठी कुठला गाडीवाला येत नाही. बुधवारी मी पुन्हा पत्र्यापाशी थांबले, ठिपका पुन्हा आत गेला, आणि रात्री दादाचा आवाज वेगळाच होता. रागावलेला नव्हता, राग मला परवडला असता. तो रडत होता. मी त्याला त्या मारानंतर रडताना ऐकलं नव्हतं. "मी तो ठिपका बघत बसतो," तो म्हणाला. "घास उतरत नाही माझा. एकदा तो थांबेल आणि परत येणारच नाही, आणि मी फोन हातात धरून बसलेला असेन." मग त्याने नाक पुसलं आणि ठरवून टाकल्यासारखं सांगितलं: अजून एकदा ठिपका त्या इमारतीत दिसला की तो टेम्पो घेऊन येणार. मागची खोली वहिनीने झाडून ठेवली आहे. ऑफिसला तो स्वतः फोन करेल. फोन ठेवून मी माझ्या दोन खोल्यांतून फिरले, टेबलाचा कोपरा, मिठाची बरणी, बाबांच्या खुर्चीची निसटलेली वीण, एकेकाला हात लावत. मनगट धरायला आलेला हात झटकता येतो, पण हा रडणारा हात होता.

गुरुवारी चौकाच्या अलीकडे येण्याआधीच दादाचा फोन आला. मी बरोबर आहे, तू नुसती चाल, मी सांगतो, असं तो म्हणाला. आवाजात हुरूप होता, त्याला उपाय सुचला होता. एका कानात बाई, एका कानात दादा, अशी मी चालत होते. बाईने आपला जप सुरू केला. मी पत्र्याला हात लावला आणि थांबले. "आत गेलीस बघ," दादा लगेच म्हणाला. "फटीतून गेलीस, आताच. घाबरू नकोस. मी काढतो तुला बाहेर. गाड्यांच्या आवाजाकडे तोंड कर आणि समोर चल, फट तिथेच आहे." मी म्हटलं, दादा, समोर रस्ता आहे. तो म्हणाला, "समोर फूटपाथ आहे. तू अजून आहेस आत." मी काठी पुढे टाकली. काठी कडेवरून घसरली आणि खाली गेली, एका पायरीएवढी. इथे कड आहे, मी सांगितलं. तो बहुतेक त्या विटांचा विचार करत असावा. "खड्डा मागे राहिलाय तुझ्या," तो म्हणाला. "तो कठडा आहे. उतर. मागे अजिबात सरकू नकोस."

मला सांगता आलं असतं की ही फूटपाथची कड आहे, ही मी रोज काठीने चाचपते. पण मी खरंच चाचपत होते का, की ते आईचं झाड होतं? पाठीमागे पत्रा आणि त्याच्यामागे पाणी, किंवा पाठीमागे पाणी आणि त्याच्यामागे पत्रा. आणि मी नाही म्हटलं तर ठिपका आतच राहणार, आणि सकाळी टेम्पो. मी उतरले. पायाखाली खरखरीत, किंचित उताराचं काहीतरी लागलं. वारा एकदम डावीकडून आला, आणि गेल्यावर धूळ दातांखाली राहिली. "येतोय, येतोय बाहेर," दादा म्हणत होता, "अजून थोडी पुढे. अजून." मी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. एक हॉर्न माझ्या कोपराला घासून गेला. कुणीतरी लांबून शिवी दिली. "बस," दादा म्हणाला. "बरोबर आलीस. आता इथेच उभं राहायचं, रोज, बाई बोलेपर्यंत." त्याच्या आवाजातला तो सैल पडलेला आनंद मी लहानपणापासून ऐकला नव्हता. मी काठी अंगाशी धरली आणि पाय जुळवले. बाई अजून स्थान शोधत होती. समोरून, मागून, दोन्हीकडून गाड्या येत होत्या. मी म्हटलं, दादा, फार जवळून जातायत रे गाड्या.

"घाबरू नकोस," दादा म्हणाला, "तू फूटपाथवर आहेस. मला दिसतंय ना."